शेजारचा सिंह : लेओनबेर्गर घरी आणावा का?

कोरा_कागद (धागाकर्ता)

गेले ११ दिवस माझ्याकडे ६२ किलोंचा पाहुणा मुक्कामाला होता. शेजारच्या आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्यांचा ओटो माझ्या गळ्यात पडला. अगदी शब्दशः. पहिल्याच रात्री मी सोफ्यावर आडवा झालो, तर साहेबांनी हनुवटी माझ्या गळ्यावर ठेवली आणि घोरायला लागले.

ओटो हा लेओनबेर्गर. वय ५ वर्षं. ज्यांनी ही जात पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नराची खांद्यापर्यंतची उंची ७२ ते ८० सेंमी, मादीची ६५ ते ७५. रंग सिंहाचा, पिवळा ते तांबूस. तोंडावर काळा मुखवटा, नराच्या मानेला रीतसर आयाळ, पायाच्या बोटांमध्ये पडदे. डबकं दिसलं की आत. पाणी पिऊन उठला की हनुवटीवरून इतकं गळतं की वाडग्यापासून सोफ्यापर्यंत ओली रेघ उमटते, आणि ती पुसायला मी वाकलो की तोच गळणारा चेहरा माझ्या कानाला लावतो.

मी दक्षिण जर्मनीत राहतो. या जातीचं मूळ गाव लेओनबेर्ग, श्टुटगार्टच्या कुशीत. नावाचा अर्थ बघितला आणि उडालोच. हा तर आपला सिंहगड! गावच्या चिन्हावरही सिंहच आहे. गोष्ट अशी सांगतात की १८३० ते ४० च्या दशकांत तिथल्या नगरपालिकेचे एक सभासद हाइनरिश एसिग यांनी काळ्या-पांढऱ्या न्यूफाउंडलंड मादीचा आणि आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड मठातल्या नराचा संकर केला. पुढे त्यात पिरेनीज पर्वतातला पांढरा कुत्राही मिसळला आणि १८४६ मध्ये लेओनबेर्गर या नावाची पहिली पिल्लं झाली. (एसिग या शब्दाचा जर्मन अर्थ व्हिनेगर. आडनावं तरी काय एकेक असतात.)

आता मुद्दा. आजी परवा घरी आल्या. काठी घेऊन चालतात. त्यांनी चहाला बोलावलं आणि सरळ विचारलं, "तू ठेवून घेशील का त्याला?" मी एक आठवडा मागून घेतला. एकटा राहतो, घरून काम करतो, तळमजला आहे, मागे कुंपण घातलेलं अंगण आहे. कुत्रा आवडतो, खूपच आवडतो. पण कधी पाळलेला नाही. ज्यांनी एवढी मोठी जनावरं सांभाळलीत त्यांनी मोकळेपणाने लिहा. 'शांत राक्षस' वगैरे कौतुक मी जालावर भरपूर वाचलंय, ते नको.

---

दगडफूल

धागा मस्त. फक्त एक दुरुस्ती: बेर्ग म्हणजे डोंगर. गड म्हणजे बुर्ग. त्यामुळे सिंहगड नाही, सिंहगिरी.

अवांतर: खगोलशास्त्रज्ञ केप्लर लहानपणी याच लेओनबेर्गमध्ये शाळेत होता. पुढे १६१५ मध्ये तिथेच त्याच्या आईवर चेटकिणीचा आळ आला आणि तिला सोडवायला केप्लरला काही वर्षं झगडावं लागलं. गाव छोटं पण उद्योग फार.

---

कोरा_कागद

सिंहगिरी मान्य. पण सिंहगडाची मजा गेली राव.

---

तिरकस

एसिगची गोष्ट सांगताना 'सांगतात' हा शब्द धागाकर्त्याने वापरला, बरं केलं. कारण ती गोष्ट मुख्यतः एसिगनेच सांगितलेली आहे. गडी पक्का व्यापारी. पिल्लं देशोदेशी विकायची, बड्या लोकांच्या दारी पोचवायची, म्हणजे नाव आपोआप होतं. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, जिला सगळे सिसी म्हणतात, तिच्याकडेही लेओनबेर्गर होते. जाहिरातीला याहून काय लागतं?

आणि ते सिंहाचं प्रकरण. गावच्या चिन्हावरचा सिंह जिवंत करायचा म्हणून त्याने हा कुत्रा घडवला असं सगळीकडे छापलेलं असतं. त्या काळातल्या चित्रांत मात्र हे कुत्रे नाना रंगांचे दिसतात. पांढरे काय, ठिपक्यांचे काय. सिंहाचा रंग आणि काळं तोंड हे पक्कं व्हायला पुढची कित्येक वर्षं गेली. जातीचं वर्णन कागदावर आलं १८९५ मध्ये, आल्बर्ट कुल यांच्या हातून. म्हणजे आधी कुत्रा विकला गेला, मग त्याला सिंह केलं.

त्याच्या आधीपासून त्या भागात शेतावर राखण करणारे, हातगाड्या ओढणारे मोठे कुत्रे होतेच. एसिगने शून्यातून काही निर्माण केलं असं मला वाटत नाही. त्याने नाव दिलं आणि बाजार दिला. ते काम लहान नाही, पण ते वेगळं काम आहे.

---

आडवाटेचा

@तिरकस, तुमच्या आयडीला जागलात. पण पहिल्या महायुद्धानंतर हे कुत्रे बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते, हे लिहायचं राहिलं. माणसांना खायला नव्हतं तिथे पन्नास-साठ किलोंच्या कुत्र्याला कोण घालणार? श्टाडेलमान आणि योझेनहान्स या दोघांनी उरलेले शोधून काढले, १९२२ मध्ये वंशावळीची वही सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच गत. आज जे लेओनबेर्गर दिसतात ते त्या मूठभर जनावरांची नातवंडं-पतवंडं. पुढे कोणी आजारांबद्दल लिहिणार असेल तर हे डोक्यात ठेवून वाचा. झरा बारीक असला की पाण्यात मिसळलेलं सगळं खालपर्यंत पोचतं.

---

पानगळ

वाचत होते, लिहायचं नव्हतं. पण 'शांत राक्षस नको' असं लिहिलंत म्हणून लिहिते.

आमच्याकडे लेओनबेर्गर मादी होती. आठ आठवड्यांची असताना आणली, तेव्हा एका हातात मावायची. वर्षाच्या आत ती ४० किलोंच्या वर गेली. लोक म्हणतात ही जात स्वभावाने शांत. खोटं नाही, पण अर्धं आहे. पहिली दोन वर्षं माझ्या घरात शांत असं काहीही नव्हतं. शरीर म्हशीचं आणि डोकं बालवाडीचं. आनंद झाला की अंगावर उडी. लॅब्राडोरचं पिल्लू अंगावर आलं तर आपण हसतो, हिने उडी घेतली की माणूस आडवा. बर्फ पडलेलं असताना तिला समोर ओळखीची कुत्री दिसली आणि मी पट्टा हाताला गुंडाळून धरला होता. (नवीन लोकांनो, पट्टा कधीही मनगटाला गुंडाळू नका.) पोटावर घसरत गेले. मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये.

त्यानंतर मी शिकले की तिच्याशी ताकदीने काही होणार नाही. ती माझ्याहून फार कमी वजनाची नव्हती आणि तिला चार पाय होते. रोज दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीन वेळा, कंटाळा येईपर्यंत तेच. बस. थांब. माझ्याकडे बघ. दारातून आधी मी. आवाज चढवला की ती रुसायची, खरंच रुसायची, कोपऱ्यात तोंड करून बसायची आणि तासभर काही शिकायची नाही. या कुत्र्यांना ओरडलेलं अजिबात सहन होत नाही. त्यामुळे रागाला घरात जागाच उरली नाही. नवरा म्हणायचा, कुत्री शिकतेय का तू?

तिसऱ्या वर्षी कुठे ती, लोक वर्णन करतात तशी, झाली. भाचीचं रांगतं बाळ तिच्या आयाळीला धरून उभं राहायला शिकलं. (मादीला आयाळ कमी असते, पण धरण्यापुरती होती.) बाळ धपकन बसेपर्यंत ती श्वाससुद्धा जपून घ्यायची. आणि टेकायची. तुमच्या ओटोला असेल ही सवय: शेजारी येऊन उभं राहायचं आणि हळूहळू सगळा भार आपल्या मांडीवर सोडायचा. आपण सरकलो की तीही सरकणार.

साडेसात वर्षांची असताना पुढच्या उजव्या पायाने लंगडायला लागली. मुरगळला असेल म्हणून दोन आठवडे विश्रांती दिली. मनगटाच्या जरा वर बारीकशी सूज होती, हाताला गरम लागायची. हाडाचा कॅन्सर निघाला. पाय काढून तीन पायांवर जगवता येतं म्हणाले, पण तिची कंबर आधीच अधू होती, मागचे पाय तो भार घेणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं. पाच आठवडे मिळाले.

तर कोरा_कागद, तुम्हाला जो मिळतोय तो कुणीतरी दोन-तीन वर्षं घासून, पुसून, न ओरडता घडवलेला कुत्रा आहे. आजींनी ते काम केलंय. ते तुम्हाला आयतं मिळतंय. पण वर्षंसुद्धा त्यांनीच वापरलीत. या जातीचं आयुष्य नऊच्या आसपास. ५ गेली. मी काय म्हणतेय ते समजलं असेल.

---

चिमणदिवा

पानगळ, ❤

---

सुईदोरा

मी पशुवैद्य आहे, सर्जरी करते. पानगळ यांनी सांगितलं ते सगळ्या महाकाय जातींना लागू: मोठ्या कुत्र्याचं लंगडणं 'मुरगळलं असेल' म्हणून दोन आठवडे सोडायचं नाही, एक्सरे काढायचा. हाडाची गाठ पुढच्या पायात बहुधा कोपरापासून लांब येते, म्हणजे खांद्याजवळ किंवा मनगटाजवळ, आणि मागच्या पायात गुडघ्याजवळ. पानगळ, यात तुमची चूक नव्हती. दोन आठवडे आधी कळलं असतं तरी शेवट फार वेगळा झाला नसता.

धागाकर्त्यासाठी दोन गोष्टी, दोन्ही महत्त्वाच्या.

पहिली, जठराला पीळ पडणे. खोल छातीच्या सगळ्या मोठ्या जातींत होतं. जठर हवेने फुगतं, स्वतःभोवती फिरतं, दोन्ही तोंडं बंद, रक्तपुरवठा बंद. कसं ओळखायचं? कुत्रा अस्वस्थ, एका जागी बसेना, लाळ गळतेय, ओकाऱ्या काढतोय पण बाहेर फेसाशिवाय काही पडत नाही. ही शेवटची खूण पाठ करा. पोट नगाऱ्यासारखं दिसेपर्यंत थांबू नका. सकाळी बघू हा शब्द त्या रात्री चालत नाही, तासांचा खेळ असतो. वेळेत आणला तर आम्ही जठर सरळ करून पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधून टाकतो, म्हणजे पुन्हा फिरत नाही. काही जण नसबंदीच्या वेळीच हे बांधून घेतात. ओटोचं तसं झालंय का ते आजींना विचारा. दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत विभागा, आणि खाल्ल्यावर लगेच दंगामस्ती नको. जेवणाचं भांडं स्टुलावर ठेवावं की जमिनीवर यावर आमच्यातच भांडणं आहेत, त्यात पडत नाही.

दुसरी, आणि ही खास या जातीची. मज्जातंतूंचा आनुवंशिक आजार. मेंदूपासून लांबच्या, म्हणजे पायांच्या आणि घशाच्या नसा हळूहळू निकामी होतात. कुत्रा टांग्याच्या घोड्यासारखा पाय उचलून टाकत चालायला लागतो, मागच्या मांड्या बारीक होतात. त्याहून आधी कधीकधी भुंकणं बदलतं. आवाज बसतो, घोगरा होतो, श्वास घेताना घरघर येते, कारण स्वरयंत्राचे पडदे नीट उघडत नाहीत. असा कुत्रा उकाड्यात धावला तर गुदमरू शकतो. याचं एक जनुक २०१४ मध्ये आणि दुसरं २०१७ मध्ये सापडलं. बर्न आणि मिनेसोटा विद्यापीठांनी त्यावर काम केलंय, रक्तावरून चाचणी होते, आणि बरेचसे जबाबदार पैदासकार ती करून घेतात. आजींकडे ओटोच्या कागदांची फाइल असणार. शोधा.

पिल्लू घेणाऱ्यांसाठी जाता जाता: वाढत्या महाकाय पिल्लाला वरून कॅल्शियमची पावडर चारू नका. 'हाडं मोठी आहेत, कॅल्शियम लागणारच' हे ऐकायला पटतं आणि करायला घातक आहे. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीच्या खाद्यात कॅल्शियम मुद्दाम मोजून ठेवलेलं असतं. तुम्ही वरून ओतलंत की हाडं वेडीवाकडी वाढतात. पिल्लू जरा सडपातळच ठेवा. गुटगुटीत पिल्लाचा फोटो छान येतो, सांधे मात्र माझ्या टेबलावर येतात.

---

आडवाटेचा

@सुईदोरा, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

---

तिरकस

मी जरा वाईटपणा घेतो. नऊ वर्षं जगणारं, हाडांचा कॅन्सर, पोटाचा पीळ आणि नसांचा आजार पदरात घेऊन जन्मणारं जनावर माणसाने हौसेपोटी घडवलं. मग त्याला 'प्रेमळ' म्हणून मिठ्या मारायच्या. हे प्रेम कुणाचं कुणावर?

---

सुईदोरा

@तिरकस, प्रश्न रास्त आहे. आकार आणि आयुष्य यांचं नातं कुत्र्यांत उलटं पडतं. हत्ती उंदराहून जास्त जगतो, पण ग्रेट डेन चिवाव्वाच्या निम्मं जगतो. कुत्र्यांचा आकार ठरवणारं एक मोठं जनुक २००७ मध्ये सापडलं. वाढीच्या संप्रेरकासारखं काम करणारं एक प्रथिन त्यातून बनतं. मोठी कुत्री झपाट्याने वाढतात, आणि म्हातारीही झपाट्याने होतात. म्हणजे तुम्ही म्हणता ते आकारातच आहे, लेओनबेर्गरपुरतं नाही.

पण माझ्यासमोर रोज जे कुत्रे येतात ते जन्मलेले असतात. त्यांना 'तू जन्मायला नको होतास' असं मी सांगू शकत नाही. नवीन पैदास कशी व्हावी, चाचणी न करता नर-मादी एकत्र आणू नयेत, यावर मी तुमच्याबरोबर आहे. ओटोच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही. तो आहे, आणि त्याला घर हवंय.

---

तिरकस

हे पटलं. (तारीख लिहून ठेवा.)

---

नवखी_मांजर

बाळबोध प्रश्न: असा कुत्रा फ्लॅटमध्ये राहू शकतो का? मला फोटो बघूनच मोह झालाय.

---

कोरा_कागद

११ दिवसांच्या अनुभवावर सांगतो, त्यामुळे तितकंच वजन द्या. घरात त्याला जागा फार लागत नाही, तो दिवसाचा बराच वेळ गालिच्यासारखा पडून असतो. मात्र तो नेमका दारात पडतो, स्वयंपाकघराच्या. ओलांडून जावं लागतं आणि आपण अर्ध्यात असताना तो उठतो. शेपटीची उंची आणि चहाच्या टेबलाची उंची एकच आहे. दोन कप गेले. केस रोज विंचरावे लागतात. वरचे केस सरळ आणि चिवट असतात, पण कानामागे बोट घातलं तर तिथली लव रेशमाच्या लडीसारखी आहे आणि तिथेच गाठी होतात. पहिले तीन दिवस मला त्या दिसल्याच नाहीत. चौथ्या दिवशी आजींनी दवाखान्यातून फोनवर विचारलं, "कानामागे बघितलंस का?" बघितलं. सुपारीएवढी गाठ. पाऊण तास लागला सोडवायला. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला.

खरी अडचण जिन्याची. लिफ्ट बंद पडली आणि ६२ किलोंचा कुत्रा आजारी असला तर तिसऱ्या मजल्यावरून खाली कोण आणणार? एवढं उत्तर असेल तर फ्लॅट चालेल.

---

दगडफूल

नियमांचंही बघून ठेवा. जर्मनीत कुत्र्यांचा कर नगरपालिका घेते, मालक बदलला की नोंद बदलावी लागते. अंगणात कुत्र्याचं घर किंवा पिंजरा करायचा विचार असेल तर त्याचं मापही कायद्यात आहे: ६५ सेंमीहून उंच कुत्र्याला किमान १० चौरस मीटर. साखळीने बांधून ठेवण्यावर बंदी आहे. शिवाय कुत्र्याने केलेल्या नुकसानीचा विमा काही राज्यांत सक्तीचा आहे. तुमच्याकडे सक्तीचा नसला तरी काढा. दोन कप ठीक आहेत, पण तो सायकलवाल्याला प्रेमाने टेकला तर?

---

पानगळ

पिंजरा वगैरे मनातही आणू नका. हा कुत्रा बाहेर ठेवायचा नाही. माणसं आत आणि तो बाहेर असं झालं की तो खंगतो. थंडीचा त्याला त्रास नाही, एकटेपणाचा आहे.

---

कोरा_कागद

आठवडा संपला. काय झालं ते सांगतो.

आजींच्या कपाटात खरंच फाइल निघाली. पाच वर्षांची प्रत्येक लस, प्रत्येक वजन, पेन्सिलने. पहिल्या वर्षाच्या पानांवर दर आठवड्याचं वजन आहे आणि समोर शेरे: 'आज थांबला.' 'आज नाही थांबला.' 'पोस्टमनवर उडी, माफी मागितली.' पानगळ, तुम्ही म्हणालात ते काम असं दिसतं. मधल्या कप्प्यात प्रयोगशाळेचा कागद होता. दोन्ही जनुकं स्वच्छ. जठर बांधलेलं नाही. सुईदोरा, तुमचा तो परिच्छेद छापून फ्रीजवर लावलाय, रात्रीच्या दवाखान्याच्या नंबरसकट.

मी आजींना 'हो' म्हणालो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. ओटो आमच्या दोघांच्या मध्ये उभा होता. आधी त्यांच्यावर टेकला, मग काठी पाहून की काय कोण जाणे, सरकत सरकत माझ्यावर आला. त्या म्हणाल्या, "बघ, त्याला कळतं कुणाचे गुडघे चांगले आहेत."

कर माझ्या नावावर, विमा माझ्या नावावर, सकाळ-संध्याकाळची फेरी माझी. दुपारी १ ते ४ तो त्यांच्याकडे. विंचरायचं काम त्यांनी सोडलेलं नाही, खुर्चीत बसून करता येतं म्हणाल्या. मधल्या कुंपणाला सुताराकडून फाटक करून घेतोय, म्हणजे त्याला रस्त्यावरून जावं लागणार नाही. सुताराने रुंदी विचारली. मी ओटोला शेजारी उभं केलं.

---

नवखी_मांजर

फोटो???

---

कोरा_कागद

टाकतो. लेन्सवर नाक टेकवतो, सगळे धुकट आलेत.